काशीला किती दिवस?

“दोन रात्री पुरतील ना, मामा?” भाचीने पुण्याहून फोनवर विचारलं.

“पुरतील की. एक प्रवासाचा शीण काढायला आणि दुसरी परतीच्या बॅगा भरायला.”

मामांचं घर वाराणसीत, दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीत आहे. काही पिढ्यांपूर्वी पूर्वज कोकणातून आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर बनारसी बोली आणि भांडण रंगलं की दोन्ही, अशी त्यांची वाटणी. शाळेत गणित शिकवून ते निवृत्त झाले. भाची कोथरूडची. एका कंपनीत प्रकल्पांची वेळापत्रकं आखते, त्यामुळे घरचा प्रवासही एक्सेलच्या तक्त्यात घातल्याशिवाय तिला खरा वाटत नाही. सासू-सासऱ्यांना काशी घडवायची, आठवीतल्या मुलीला इतिहास दाखवायचा आणि हे सगळं जोडून आलेल्या सुट्टीत बसवायचं, असा तिचा बेत होता.

तक्ता मामांकडे पोचला. विश्वनाथ, अन्नपूर्णा, काळभैरव, दशाश्वमेधावरची आरती, पहाटेची नाव, सारनाथ, रामनगरचा किल्ला, शालूची खरेदी. खाली केशरी रंगात ‘आपली काशी’ असा वेगळा रकाना: अहिल्याबाई घाट, भोसले घाट, शिंदे घाट, राणी लक्ष्मीबाईंचं जन्मस्थान. मामांनी चष्मा लावून तो वाचला आणि पहिला हात महिन्यावर घातला. भाचीने श्रावण धरला होता.

“सासूबाईंची इच्छा आहे. श्रावणी सोमवारी विश्वनाथ.”

“एक तर आमचा सावन तुमच्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. तुमचा पहिला सोमवार येतो तेव्हा आमच्याकडे कावडियांचा बहुधा तिसरा चालू असतो. त्या रांगेत सासूबाईंना उभं करणार आहेस का? आणि दुसरं म्हणजे तेव्हा केशरी रकान्यातलं निम्मं गंगेच्या पोटात असेल.”

ही अतिशयोक्ती नव्हती. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे, आणि सप्टेंबर १९७८च्या महापुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढलं होतं. पण यात्रेकरूचा बेत बिघडायला धोक्याची पातळी गाठावी लागत नाही. पाणी पायऱ्या चढू लागलं की आधी एका घाटावरून दुसऱ्यावर जायची वाट बुडते. मग नावा बंद होतात. दशाश्वमेधावरची आरती गच्चीवर सरकते आणि मणिकर्णिकेवर चिता वरच्या छतावर रचाव्या लागतात. पूर ओसरला तरी लगेच फिरता येत नाही, कारण पायऱ्यांवर गाळाचे थर साचलेले असतात. नदीतच पंप सोडून, जाड नळीने पाण्याचा झोत मारत माणसं तो गाळ पायरी-पायरीने परत गंगेत ढकलतात. वरची पायरी मोकळी होते तोवर खालची वाळून घट्ट झालेली असते. हे काम कित्येक दिवस चालतं.

“मग देवदिवाळी?” भाचीने विचारलं. “कार्तिकी पौर्णिमेला सगळे घाट दिव्यांनी उजळतात म्हणे.”

“उजळतात, आणि हॉटेलचे भावही. पाय ठेवायला जागा नसते. डिसेंबरच्या अखेरीपासून धुकं पडतं, गाड्या किती उशिरा येतील त्याचा भरवसा नाही. एप्रिलनंतर दगडी घाट तव्यासारखे तापतात. तू पौर्णिमा उलटली की मार्गशीर्षात ये. पाणी उतरलेलं असतं, थंडी सोसवते आणि मलइयो सुरू झालेलं असतं.”

“मार्गशीर्षात शाळेला सुट्टी नसते, मामा.”

“आठवीचं गणित ना? बुडालेलं मी भरून काढीन.”

भाचीने महिना बदलला. पण मुक्कामाच्या जागेवर ती हटेना. मामांचं म्हणणं, घाटालगतच्या जुन्या घरात उतरा. पहाटे खिडकी उघडली की नदी. तिचं म्हणणं, सासूबाईंचे गुडघे गेलेले आहेत, त्यामुळे लिफ्ट हवी आणि दारापर्यंत गाडी यायला हवी. मामांनी नाक मुरडलं, पण हिशेब करता तिचंच बरोबर निघालं. काशीत अस्सीपासून वरुणेच्या संगमापर्यंत सुमारे सात किलोमीटरच्या काठावर चौऱ्याऐंशी घाट आहेत, आणि गाव त्यांच्या बरंच वर, उंच काठावर वसलेलं आहे. दुर्गाघाटाकडे यायचं तर रिक्षा मैदागिनला सोडावी लागते, पुढे गल्ल्या, आणि गल्ली संपली की नदीपर्यंत उभ्या पायऱ्या. गोदौलियाकडून दशाश्वमेधाला जातानाही शेवटचा पल्ला पायीच. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ‘थोडंसंच चालायचंय’ हे काशीतलं सर्वांत फसवं वाक्य आहे.

तोडगा अस्सीचा निघाला. तिथे घाटाजवळ गाडी येते. २०१४ पासून रोज पहाटे ‘सुबह-ए-बनारस’ची आरती आणि संगीत होतं, तेही बसून ऐकता येतं. शिवाय लगतच्या भदैनीत लक्ष्मीबाईंच्या जन्मस्थानाचं स्मारक आहे, त्यामुळे केशरी रकान्यातलं एक नाव आल्या आल्या पुरं होणार होतं. लक्ष्मीबाईंचे वडील मोरोपंत तांबे हे दुसऱ्या बाजीरावाचे भाऊ चिमाजीअप्पा यांच्या पदरी होते. चिमाजीअप्पा काशीवासाला आले म्हणून तांबेही इथे, आणि म्हणून मनकर्णिकेचा, म्हणजे लक्ष्मीबाईंचा, जन्म गंगाकाठचा.

खरा वाद पेटला तो त्याच रकान्यावरून.

“मुलीला नावेत बसवून मोजायला लावणार आहे,” भाची म्हणाली. “दशाश्वमेध घाट १७४८ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी बांधवला. शेजारी अहिल्याबाई. मग नागपूरच्या दरबारातल्या श्रीधर नारायण मुनशींचा मुनशी घाट. पुढे मणिकर्णिका, त्यापलीकडे बायजाबाई शिंद्यांनी १८३०च्या सुमारास बांधवलेला शिंदे घाट, नागपूरकरांचा भोसले घाट, अमृतराव पेशव्यांचा गणेश घाट. आणि विश्वनाथाचं आजचं देऊळ तर अहिल्याबाईंनीच १७८० मध्ये उभं केलेलं. इतकं आपल्या लोकांनी बांधलं, आणि नावाडी सांगतो काय, तर हा अमक्या सिनेमात दिसलेला घाट!”

“मोजून होईल पाऊण तासात. मग काय करणार?” मामा म्हणाले. “तुझ्या यादीत सगळे देणारे आहेत गं. राहणारा एकही नाही.”

मग त्यांनी स्वतःच्या पायाखालच्या दगडापासून सुरुवात केली. दुर्गाघाट आणि शेजारचा ब्रह्माघाट यांच्याशी कोणा राजाचं नाही, तर पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित कायगावकरांचं नाव जोडलेलं आहे. गोदाकाठचं कायगाव सोडून हे घराणं काशीला आलं, त्यांच्या पुढच्या पिढीने पेशव्यांच्या सावकारीत नाव काढलं. घाटासाठी जागा त्यांनी इथल्या मासेमारांकडून विकत घेतली, अशी घाटांच्या इतिहासात नोंद आहे.

“काशीवर मराठ्यांचं राज्य कधीच आलं नाही,” मामा म्हणाले. “पेशव्यांनी आशा धरली, पण गाव अवधच्या नवाबाकडून १७७५ मध्ये कंपनीकडे गेलं. तुझ्या नावेतून दिसतं ते सगळं परमुलखात बांधलेलं आहे. जमीन विकत घेऊन, परवानग्या काढून, इथल्याच पाथरवटांच्या हातून. त्या मासेमारांचे वंशज आजही नाव वल्हवतात. तुला सिनेमाची गोष्ट सांगणारा तोच.”

“तरीच मी म्हणते, सांगायला हवं,” भाचीने तोच मुद्दा उचलला. “स्वतःच्या राज्यात कोणीही देऊळ बांधेल. हजार-बाराशे किलोमीटरवर, दुसऱ्याच्या हद्दीत, हिशेब पाठवून पैसे पोचवून हे उभं करणं किती अवघड! आणि देणारे नसते तर तुमचे राहणारे तगले असते का? विद्वानांच्या घरी चूल कशावर पेटत होती? रमणे आणि दक्षिणेवरच ना?”

“नारायण भट्टांच्या घरी नाही.”

हे नाव तक्त्यात नव्हतं. रामेश्वर भट्ट सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात पैठणहून काशीला आले. त्यांचा मुलगा नारायण भट्ट, जन्म १५१३. सोळाव्या शतकात विश्वेश्वराचं देऊळ पुन्हा उभं राहिलं ते अकबराच्या दरबारातल्या तोडरमलाच्या पाठबळाने आणि या नारायण भट्टांच्या पुढाकाराने, १५८५च्या सुमारास. औरंगजेबाने १६६९ मध्ये पाडलं ते हेच देऊळ. नारायण भट्टांचा नातू कमलाकर भट्ट. त्यांचा ‘निर्णयसिंधु’ १६१२ मधला, आणि सण-व्रतांच्या तिथीचा घोळ झाला की पंचांगकर्ते अजूनही तो उघडतात. कमलाकरांचे पुतणे गागाभट्ट, म्हणजे ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेकाचे विधी चालवणारे.

“देऊळ उभं राहिलं तेव्हा राज्याभिषेकाला नव्वदएक वर्षं अवकाश होता,” मामा म्हणाले. “म्हणजे मराठी राजे काशीत यायच्या कितीतरी आधी मराठी माणसं इथे घरं करून होती. पैठणच्याच एकनाथांनी भागवतावरची टीका १५७३ मध्ये पुरी केली ती वाराणसीत. कुठल्या सरदाराच्या घाटावर बसून?”

भाची जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “ठीक. पण भट्टांचं घर मुलीला दाखवता येईल का? एकनाथांची बैठक? घाट निदान दिसतात तरी. तेरा वर्षांच्या पोरीला मी हवेत बोट करून इतिहास दाखवू?”

ह्यावर मामांकडे लगेच उत्तर नव्हतं. मराठी वस्ती विरळ झाली आहे, हे त्यांनाच ठाऊक. ब्रह्माघाट-दुर्गाघाट भागातली मुलं पुण्याला, बंगळूरला गेली. जुने वाडे कुठे कुलपात आहेत, कुठे त्यांची यात्रेकरूंसाठी लॉज झाली. उरलंय ते नावेतून दिसत नाही, त्यासाठी गल्लीत आत शिरावं लागतं. नाना फडणविसांच्या नावाचा वाडा, आंग्रे वाड्यातला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेला गणेशोत्सव, रामघाटावरचं सांगवेद विद्यालय. तिथे पूर्वी वेदपठण शिकवणाऱ्या दिवंगत लक्ष्मीकांत दीक्षितांच्या घराण्याचं मूळ सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचं. २२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येच्या प्राणप्रतिष्ठेत मुख्य आचार्य तेच होते.

“मैदागिनजवळ पराडकर भवन आहे, ते दाखव,” मामांना सुचलं. “बाबूराव विष्णु पराडकर, जन्म १८८३, इथलेच. हिंदी पत्रकारितेत ‘आज’ दैनिकाचे संपादक म्हणून त्यांचं नाव आजही घेतात. त्यांचे मामा सखाराम गणेश देऊस्कर. त्यांनी १९०४ मध्ये बंगालीत ‘देशेर कथा’ लिहिलं, ते सरकारने जप्त केलं. मामा बंगालीत लिहितो, भाचा हिंदी घडवतो, आणि दोघांच्या घरात मराठी. हे तुझ्या नावेतून दिसत नाही.”

“सांगते मुलीला. मामा-भाच्यांचं काय करायचं ते मग ती ठरवेल.”

विश्वनाथाच्या कॉरिडॉरवर मात्र दोघांच्या भूमिका उलटल्या. मामा जुन्या गल्ल्यांचे, त्यामुळे ते हळहळणार हे उघड होतं. डिसेंबर २०२१ मध्ये खुल्या झालेल्या या परिसरासाठी सुमारे तीनशे घरं-दुकानं विकत घेऊन पाडली गेली, आणि जेमतेम तीन हजार चौरस फुटांचं आवार पाच लाख चौरस फुटांवर गेलं. “त्या तीनशेंपैकी एका घरात मी लहानपणी पत्ते खेळलोय,” मामा म्हणाले.

“आणि सासूबाईंना चार फुटी गल्लीतून, गाईंना चुकवत, चिखलातून न्यायचं होतं का?”

“नाही. माझ्या आईला शेवटची काही वर्षं दर्शन झालंच नाही, कारण त्या गल्लीतून खुर्ची जात नव्हती. आता जाते.” मामा थांबले. “दोन्ही खरं आहे. घरं गेली हेही आणि खुर्ची जाते हेही. तू खुर्ची घे. मोबाइल आत नेता येत नाही, तो मुक्कामावरच ठेव. आवारात अहिल्याबाईंचा पुतळा आहे, तुझ्या रकान्यात घाल.”

सासऱ्यांची इच्छा यात्रेसोबत गयेलाही जायची होती. प्रयाग, काशी, गया अशी त्रिस्थळी एका फेरीत. यात्रेचं नियोजन हा तर मराठी माणसाचा काशीतला जुना उद्योग. नारायण भट्टांच्या ‘त्रिस्थलीसेतु’ या ग्रंथाचा विषयच तो: तिन्ही ठिकाणी कोणी, केव्हा, काय करायचं. पण ग्रंथाने विधी सुटतात, वाट सुटत नाही. पहिल्या बाजीरावाच्या आई राधाबाई १७३५ मध्ये काशीयात्रेला निघाल्या त्या १७३६ मध्ये परतल्या, आणि वाटेतल्या राजांनी, सरदारांनी त्यांची बडदास्त ठेवली. साध्या यात्रेकरूच्या वाट्याला चौक्या आणि यात्राकर यायचा. काशीहून गयेला जाताना तर कर्मनाशा आडवी येते. तिच्या पाण्याचा स्पर्श झाला तर पुण्य जातं अशी समजूत, म्हणून लोक पैसे देऊन माणसांच्या खांद्यावरून नदी ओलांडायचे. नाना फडणविसांनी तिच्यावर पूल बांधायला घेतला, पण वाळूत पाया टिकेना आणि काम अर्धवट राहिलं. पुढे १८३०च्या सुमारास राजा पटनीमल यांच्या पैशातून आणि जेम्स प्रिन्सेपच्या देखरेखीखाली तो पूल झाला.

“आज रेल्वे कर्मनाशा ओलांडते तेव्हा कोणी खिडकीबाहेरही बघत नाही,” मामा म्हणाले. “पण गया अडीचशे किलोमीटर आहे. या खेपेला नको. सासऱ्यांना सांग, इथले आपले तीर्थोपाध्ये जुन्या वह्या काढतात. गाव आणि आडनाव सांगितलं तर पणजोबा कधी येऊन गेले ते कदाचित सापडेल. त्याला अर्धा दिवस ठेव.”

भाचीने तो ठेवला, आणि सारनाथ शुक्रवारवर ढकललं. मामांनी लगेच अडवलं: शुक्रवारी तिथलं संग्रहालय बंद असतं. सिंहशीर्ष न बघता सारनाथहून परत यायचं असेल तरच शुक्रवार. सातव्या शतकात चीनहून आलेला ह्युएन त्सांगही सारनाथला थांबला होता, आणि त्याने लिहून ठेवलेल्या वर्णनाचा पुढे उत्खनन करणाऱ्यांना उपयोग झाला.

“मामा, मग मी यादी करते ते काय वाईट करते? त्यानेही नोंदीच केल्या.”

“तो बघितल्यावर लिहीत होता. तू आधीच लिहून आणतेस.”

खरेदीचा तास मामांनी स्वतःच वाढवला. शालू घ्यायचा तर दुकानात जाण्याआधी मदनपुऱ्यात किंवा पीलीकोठीत एखादा हातमाग बघून घ्या, असं त्यांचं सांगणं. बनारसी साडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी यंत्रमागाचं कापड त्याच नावाने खपतंच. “शालू उलटा कर. कढुआ विणीत प्रत्येक बुट्टी वेगळी विणलेली असते, मागची बाजू साफ दिसते. फेकव्यात जर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जाते आणि मागून ती कापून काढतात, तिथे बोटाला टोकं लागतात. दोन्ही खरी वीण आहे, पण किंमत एक नव्हे.” महाराष्ट्रातल्या कितीतरी नवऱ्या मुली ज्या शालूत बोहल्यावर चढल्या, तो विणणारे बहुतेक अन्सारी. तसंच बालाजी घाटावरच्या देवळात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी वर्षानुवर्षं रियाज केला. मामांच्या मते ‘आपली काशी’ म्हणायचं तर हेही त्याच केशरी रकान्यात यायला हवं.

भाचीने रंग बदलला नाही. तिने दोन नवे रकाने वाढवले आणि केशरी तसाच ठेवला. “तुम्हाला इथे रोज दिसतं म्हणून अहिल्याबाईंचं अप्रूप नाही,” तिने सुनावलं. “आम्हाला आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण नाव पंचगंगा घाटाला थांबवते, तिथून वर चढून तुमच्या गल्लीत येऊ. सासूबाई खाली नावेतच बसतील.”

“पंचगंगेवर आलमगीर मशीद आहे, तिचे मिनार आता नाहीत. खालच्या बाजूला औंधकरांनी बांधवलेलं बिंदुमाधवाचं देऊळ. तुझ्या मुलीला तिथे एकाच पायरीवर बरेच प्रश्न पडतील, उत्तरांची तयारी करून ये. मग ठठेरी बाजारातून नेतो. तांब्याच्या भांड्यांवर हातोडी पडते तो आवाज ऐकत चौखंब्यापर्यंत. कचोरी आणि जिलबी सकाळी नऊच्या आत, नंतर गार होते.”

दोन रात्रींच्या पाच झाल्या. सुधारलेला तक्ता संध्याकाळी आला. मामांनी तो ओळीने वाचला आणि एका ओळीवर थांबले. दशाश्वमेधावरची आरती अजून तिथेच होती.

“ही काढ म्हणालो होतो. अस्सीला शांतपणे बघा. तिथे नुसती गर्दी आणि मोबाइल.”

“सासूबाईंनी टीव्हीवर बघितलीय. त्यांना तीच हवी आहे. तुम्ही नाही आलात तरी चालेल.”

“मी नाही आलो तर तुम्ही पायऱ्यांवर बसाल आणि पुढच्याची पाठ बघून याल,” मामा म्हणाले. “नाव ठरवतो. थंडीत आरती लवकर असते, तासभर आधी पोचायचं. आणि सासूबाईंसाठी नावेत खुर्ची सांगून ठेवतो, फळीवर त्यांना बसवणार नाही.”